शेजारच्याला सांग

माझी नात सध्या मोबाइलवर एक कोरियन मालिका बघते. तिच्यात दोन भाऊ आहेत. दोघांचे सूट काळे, दोघांचे चेहरे गुळगुळीत, आणि वडिलांच्या आजारपणापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसून ते जेवतात. मधे पांढरा ब्लाउज घातलेली एक बाई उभी असते, ती एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगते. नात मला विचारते, "आजी, तुला कोण आवडतो? मोठा का धाकटा?" मी म्हणते, मला त्या बाईचं बघायचंय. ती घरी गेल्यावर काय करते, कुणाशी बोलते, तिला स्वतःचं काही सांगायचं असलं तर कुणाला सांगते. नात हसते, "आजी, ती साइड कॅरेक्टर आहे गं." असेल. मीही सहा वर्षं तेच काम केलं आहे, म्हणून माझं लक्ष तिच्याकडं जातं.

आमचं घर शहराच्या कडेला, पुंडलिकनगरात होतं. तेव्हा तिथं घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. सकाळी मागच्या बाजूनं कुणाच्या तरी म्हशी गवत खात यायच्या आणि आई झाडू घेऊन त्यांना हाकलायची. अण्णा म्हणजे माझे वडील आणि नाना म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, या दोघांनी मिळून ते घर बांधलं. समोर दोन दारं, आत दोन-दोन खोल्या, मधे एक भिंत, आणि मागं दोघांचं मिळून एक अंगण. अंगणात एक नळ, धुण्याचा दगड आणि कडुनिंबाचं झाड. बांधताना दोघांच्या मनात एवढंच होतं की बायकांना आपापली चूल असावी, बाकी सगळं एकच. भिंतीत एक दार ठेवायचंही ठरलं होतं, चौकट आणून ठेवली होती. ती चौकट बसवायच्या आतच दोघांचं बोलणं बंद झालं. नंतर ती कित्येक वर्षं कडुनिंबाला टेकून उभी होती, आई तिच्यावर गोधड्या वाळत घालायची.

भांडण झालं ते आजोबा गेले तेव्हा. आजोबा गावी होते, पैठणच्या अलीकडं. नाना त्या वेळी नोकरीनं नांदेडला असायचे, शनिवारी घरी यायचे. तार गेली, नाना निघाले, वाटेत एसटी बंद पडली. इकडं उन्हाळ्याचे दिवस, गावची माणसं अण्णांच्या मागं लागली की आता ठेवता येत नाही. अण्णा दुपारपर्यंत थांबले आणि मग उठले. नाना दिवस कलताना गावात पोचले तेव्हा नदीकाठी फक्त राख धुमसत होती. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, पण नानांचा आवाज मला अजून आठवतो. ते ओरडले नाहीत. सगळ्या भावकीसमोर एवढंच म्हणाले, "चार तास थांबता आलं नाय तुला? मी काय पाहुणा होतो का?" अण्णांनी त्या वेळी काही समजुतीचं बोलायला हवं होतं. ते थकले होते, डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. ते म्हणाले, "तुझ्यासाठी बापाला कुजवत ठेवू का?" नानांनी पायातल्या चपला तिथंच काढून ठेवल्या आणि अनवाणी फाट्यापर्यंत चालत गेले. त्यानंतर त्यांची बदली शहरात झाली, ते कायमचे घरी राहायला आले, आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोघं भाऊ मुक्यानं राहू लागले. घर सोडून जायला कुणीच तयार नव्हतं. जाणारा हरला, असं काहीतरी दोघांच्या डोक्यात असावं.

नाना आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. आई-अण्णांना मी एकटी. म्हणजे चार मोठ्या माणसांत मिळून एक पोरगी, आणि तीच निरोप्या. अण्णा म्हणायचे, "शके, शेजारच्याला सांग, नळाला तोटी नवी बसवायची हाय." मी मागच्या दारानं बाहेर पडायचे, अंगण ओलांडायचे, नानांच्या दारात उभी राहायचे. नाना रेडिओचा आवाज कमी करायचे. "तुझ्या बापाला सांग, मागच्या बारीला मीच बसवली होती. पितळी बसव म्हणावं, लोखंडी गंजती." हे सगळं बहुतेक वेळा भिंतीपलीकडं अण्णांना ऐकू जायचं. तरी मी परत जाऊन शब्द न् शब्द सांगायचा, मगच ते ऐकलं असं धरलं जायचं. कधी मी म्हणायचे, "ऐकलं की तुम्ही." तेव्हा अण्णा नुसतं बघायचे, आणि मी गुमान सांगून टाकायचे. शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आत एका बाजूनं हाक, जेवायला बसले की दुसऱ्या बाजूनं. परीक्षेच्या दिवसांत आई माझ्यासाठी दार लावून घ्यायची, तर नाना कडी वाजवायचे, "शकू, एवढंच विचारून सांग अन् मग कर अभ्यास." दोघांचा माझ्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. नाना ऑफिसातून येताना माझ्यासाठी गुलमंडीच्या बाजारातनं इमरती आणायचे, अण्णा माझ्या वह्यांना स्वतः कव्हरं घालायचे. पण त्या जिवापायीच मला कुठं हलता येत नव्हतं. मैत्रिणीच्या घरी दोन तास गेले तर परत आल्यावर दोन्हीकडची तोंडं उतरलेली असायची, कारण दोन तास घर मुकं होतं.

बायकांचं असं काही नव्हतं. पुरुष कचेरीत गेले की आई आणि काकू धुण्याच्या दगडापाशी बसून तासभर बोलायच्या. काकूंच्या हातची येसर आमटी आणि आईची अंबाडीची भाजी, वाट्या इकडून तिकडं जायच्या. अण्णा जेवताना आमटीचा भुरका मारायचे, हात थांबवायचे, आणि मग पुढं जेवायचे. कुणाच्या हातची आमटी आहे हे त्यांना पहिल्या घोटातच कळायचं. पण वाटी त्यांनी कधी बाजूला सारली नाही.

मी अकरावीत असताना अण्णांनी टीव्ही घेतला. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, सरकत्या दाराचा. त्याच सुमाराला रविवारी सकाळी ती हिंदी मालिका लागायला लागली. तिचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे, आम्ही तिला "भावांची" म्हणत असू. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातले दोन भाऊ, त्यांचा कुलपांचा कारखाना, बाप मेल्यावर अंगणात उभी राहिलेली भिंत. मोठा भाऊ खांद्यावर शाल टाकून जिन्यावर उभा राहायचा, धाकटा मोटारसायकल जोरात सुरू करून निघून जायचा. आमच्या बाहेरच्या खोलीत आजूबाजूची दहा-पंधरा माणसं जमायची. काकू आईला खेटून बसायच्या. नाना मात्र आत येत नसत. ते अंगणात, आमच्या मागच्या खिडकीला पाठ लावून, खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. पेपराचं पान तासभर उलटत नसे.

म्हणजे नानांनी ती मालिका कधी पाहिली नाही, फक्त ऐकली. आणि ऐकतानाही त्यांची एक अडचण होती. त्या मालिकेची भाषा उर्दूकडं झुकलेली. अण्णांची पहिली चार वर्षं निजामाच्या शाळेत उर्दूतून झाली होती, त्यांना सगळं समजायचं. नाना पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर शाळेत गेले, त्यांचं शिक्षण मराठीतून. शहरात राहून इथली दखनी उर्दू बोलता यायची, पण जड शब्द आला की अडायचे. एकदा मोठा भाऊ पडद्यावर म्हणाला की मी तुला 'बेदखल' करतो, असंच काही. खिडकीबाहेर खुर्ची करकरली. अण्णा टीव्हीवरची नजर न हलवता एकदम मोठ्यानं आईला म्हणाले, "बेदखल म्हणजे घरादारावरचा हक्क काढून घेणं." आईला त्याचा अर्थ चांगला माहीत होता, ती याच मुलखात वाढलेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. त्यानंतर दर रविवारी अण्णा असे तीन-चार शब्द आईला समजावून सांगायचे, खिडकीपर्यंत जाईल अशा आवाजात.

पण एवढ्यावर थांबत नसे. मालिका संपली की दुसरा खेळ सुरू व्हायचा. नाना खिडकीतून हाक मारायचे, "शकू, तुझ्या बापाला विचार, मोठ्या भावानं बापाची खोली उघडायच्या आधी धाकट्याला बोलवायला नको होतं का?" मी आत. अण्णा पान लावता लावता म्हणायचे, "शेजारच्याला सांग, धाकटा वेळेवर आला असता तर बोलवलं असतं." मी बाहेर. "विचार त्याला, वेळेवर यायला त्याच्या बापाची मोटार होती का?" मी आत. जमलेले शेजारी चपला शोधत हसायचे. त्यांना ते मालिकेबद्दलचं बोलणं वाटायचं. मला माहीत होतं की त्या दोघांनी सहा वर्षांत एकमेकांना जे विचारलं नाही ते सगळं त्या कुलूपवाल्या भावांच्या नावानं माझ्या तोंडून विचारलं जात होतं. मी नुसतं तोंड झाले होते. रविवारी दुपारी मी आजारी असल्यासारखी पडून राहायचे.

बारावीला मला बरे गुण पडले. आईच्या मनात होतं, मी नर्सिंग करावं. तिनं स्वतःच कुणाकडून तरी फॉर्म मागवला, मी भरला, आणि जूनच्या सुरुवातीला अंबाजोगाईहून पत्र आलं. निवड झाली होती. तीन वर्षं, राहणं तिथंच वसतिगृहात. पालकाची सही लागणार होती. ते पत्र मी दिवसभर उशीखाली ठेवलं आणि दहा वेळा काढून वाचलं. तीन वर्षं कुणी मला "शेजारच्याला सांग" म्हणणार नाही, एवढंच मला त्या पत्रात दिसत होतं.

अण्णांनी पत्र वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं. "पोरीच्या जातीनं परक्या गावात राहायचं? आन् ते पण दवाखान्यात? नाय जमायचं." आई म्हणाली, "अहो, पण..." अण्णांनी हात वर केला. मग थोड्या वेळानं, मला वाटतं आईचा चेहरा बघून, म्हणाले, "बरं, घरातला मोठा निर्णय हाय. शके, शेजारच्याला सांग असं असं पत्र आलंय, त्याचं काय मत हाय विचार."

मला वाटलं, सुटले. अण्णा नाही म्हणतात म्हणजे नाना हो म्हणणार. आजवर तसंच झालं होतं. मी अंगण जवळजवळ पळतच ओलांडलं. नाना दाढीचं सामान आवरत होते. त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं, काकूंकडं पाहिलं, खाली बसले. "तुझा बाप काय म्हणतो?"

"नको म्हणतात."

नानांनी दाढीचा ब्रश डब्यात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, ह्या बाबतीत त्याचं बरोबर हाय. पोरीला बाहेर ठेवायचं नाय. आपल्याला एकच पोरगी हाय."

सहा वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं होतं, आणि ते मलाच पोचवायचं होतं. मी नळापाशी येऊन थांबले. मागं नानांनी रेडिओ मोठा केला होता. नळाला पाणी नव्हतं, तोटी पितळी होती. आत अण्णा खाकरले. मला आठवतं, माझ्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. मी तशीच तिथं उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा निरोप बदलला.

आत गेले आणि म्हणाले, "नाना म्हणतात, पाठवा. म्हणतात, पण तुमच्यात तेवढी हिंमत नाय. तुम्ही घाबरून पोरीला घरात डांबूनच ठेवणार."

अण्णांचा चेहरा लाल झाला. "मला हिंमत शिकवतो? दिग्या?" त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून भावाचं नाव मी ऐकलं. "आण तो कागद." त्यांनी सही इतक्या जोरात केली की खालच्या पानावर उमटली. "सांग त्याला, जाती म्हणावं पोरगी. अंबाजोगाईलाच काय, मुंबईला पाठवीन."

नानांना मी एवढंच सांगितलं की अण्णांनी सही केली, जायचं ठरलं. ते ताडकन उठतील, ओरडतील असं मला वाटलं होतं. ते पाटावरून उठलेही नाहीत. "मग मला विचारलं कशाला?" ते म्हणाले. "ठरवून झाल्यावर मला कळवायचं. व्हय ना? तेव्हा बी तसंच अन् आता बी." काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळंच ऐकलं होतं, नानांचं पहिलं म्हणणंही. दुसऱ्या दिवशी आई आणि काकू धुण्याच्या दगडापाशी बसलेल्या मी पाहिल्या. आता दोघी ताळा जुळवणार आणि सगळं बाहेर येणार. दुपारी काकू माझ्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. म्हणाल्या, "तिथं जेवण बरं नसतंय म्हणं. रोज एक खात जा." जाताना दारात थांबल्या, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी काय ऐकलं नाय बाई." आईनंही मला कधी काही विचारलं नाही. ट्रंक मात्र दोघींनी मिळून भरली.

निघायला आठ दिवस उरले असताना त्या मालिकेचा शेवटचा भाग लागला. रविवार होता, उकाडा असह्य. खोलीत माणसं मावत नव्हती. पडद्यावर मोठा भाऊ खाटेवर पडला होता, शाल पायाशी. धाकटा मोटारसायकलवरून उतरला, भिंतीशी आला, आणि त्यानं भिंतीवर हात टेकून नुसतं "भैया" म्हटलं. दुसरं काही नाही. खोलीत बायका डोळे पुसायला लागल्या. अण्णा पंच्यानं नाक पुसत होते आणि घाम आल्यासारखं दाखवत होते. मी खिडकीकडं पाहिलं. पेपर खाली पडला होता. नाना खुर्चीवरून उठून गजाला धरून उभे होते आणि पहिल्यांदाच आत, टीव्हीकडं बघत होते. टीव्हीकडं का अण्णांच्या पाठीकडं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी मालिका संपल्यावर कुणी कुणाला काही विचारलं नाही.

दुपारी चारच्या सुमाराला नानांनी मला अंगणात बोलावलं. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, बाह्यांना इस्त्रीची घडी. "शकू," ते हळूच म्हणाले, "दादाला सांग..." आणि थांबले. इतकी वर्षं "तुझा बाप" होता, त्या दिवशी दादा झाला. "दादाला म्हणावं, संध्याकाळी मी चहाला येतो. चालंल का, असं विचार. नाय म्हणला तर ऱ्हाऊ दे."

मी बरं म्हणाले आणि निघाले. त्या चार पावलांत मला सगळं दिसलं. संध्याकाळी नाना येतील. आई चहा टाकील. दोघं थोडा वेळ पंख्याकडं बघत बसतील आणि मग कुणीतरी एक काही बोलेल. आणि बोलायला दोघांकडं माझ्याशिवाय काय होतं? अण्णा म्हणतील, तूच तर पाठवा म्हणालास. नाना म्हणतील, मी? कधी? मग तो कागद फाटेल. आणि मग दोघं भाऊ शेजारी शेजारी बसतील आणि मी कायमची त्यांच्यामधे बसेन. त्यांनी बोलू नये यावरच माझं जाणं टांगलेलं होतं. सहा वर्षं मी देवापुढं मागत आले होते की हे दोघं बोलू देत. आता ते बोलतील याचीच मला भीती वाटत होती.

अण्णा खाटेवर आडवे होते. पण त्यांनी खिडकीतून बघितलं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. "काय म्हणत होता?"

"नळाला पाणी कधी येणार, विचारत होते," मी आवाज खाली आणून म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच कुशीवर वळले, भिंतीकडं तोंड करून.

नानांना उत्तर द्यायचंच होतं. काकूंनी पोहे भिजवले होते, माझ्या खांद्यावरून त्या पुन्हा पुन्हा दाराकडं बघत होत्या. मी म्हणाले, "अण्णा काही बोलले नाहीत." ते खरंच होतं, म्हणून तर ते माझ्या तोंडून इतकं सहज निघालं. नानांनी मान हलवली. शर्टाची बटणं एकेक करून काढली, शर्ट घडी मोडू न देता खुंटीला लावला, आणि बनियनवर बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसले. आठ दिवसांनी मी अंबाजोगाईला गेले.

वसतिगृहात मला कुणी कुठं पाठवत नव्हतं. सकाळी सहाला प्रार्थना, मग वॉर्ड, बादल्या, बेडपॅन, ड्रेसिंग. मी काम लवकर शिकले. मोठ्या नर्सबाई म्हणायच्या, सांगितलेलं तंतोतंत करते पोरगी. पण ज्या सुटकेसाठी मी गेले होते ती काही मला मिळाली नाही. वॉर्डात कुणाचा भाऊ डबा घेऊन आला, की मला खुंटीवरचा तो शर्ट दिसायचा. घरी पत्र लिहायला बसले की मायना लिहून पुढं पेन चालत नसे. आईची पत्रं यायची, त्यात दोन्ही घरांची खुशाली असायची, आणि मला हवी असलेली एकच गोष्ट कधी नसायची. हवी म्हणजे काय, तेही मला नक्की सांगता आलं नसतं. ते बोलायला लागले, असं लिहून आलं असतं तर मी घाबरले असते.

दिवाळीला घरी आले तर नानांच्या दारात बांधलेली पोती होती. त्यांनी पैठणला बदली मागून घेतली होती. आई हलक्या आवाजात म्हणाली, "तू गेल्यापासनं घरात शब्द नाय गं. दोघं अंगणात समोरासमोर येत्यात अन् भुतासारखे निघून जात्यात. शेवटी भावजींनी अर्ज केला. म्हणाले, माझ्या चहालासुद्धा ज्याला उत्तर द्यावं वाटलं नाय, त्याच्या शेजारी कशाला राहू." आईला तो निरोप काकूंकडून कळला होता. तिला वाटत होतं की अण्णांनी तो ऐकून सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. म्हणाले, "अण्णा, नाना तुमच्याकडं चहाला येणार होते."

"कधी?"

"ती मालिका संपली त्या रविवारी. मला सांगितलं होतं तुम्हाला विचारायला. दादाला विचार म्हणाले."

वस्तरा थांबला. आरशात ते माझ्याकडं बघत होते. "आन् तू पाणी म्हणालीस."

मग मी सगळंच सांगितलं. पत्राचं, हिंमतीचं, नानांनी खरं काय म्हटलं होतं त्याचं. माझा आवाज चढला, रडू फुटलं, मी म्हणाले की मला इथं गुदमरायला होत होतं, तुम्ही दोघांनी मला... पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही. अण्णा वळले नाहीत. त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि तसेच, अर्ध्या गालावर साबण घेऊन, अनवाणी नानांच्या दाराशी गेले. आत काकू भांडी बांधत होत्या, त्यांच्या हातातलं पातेलं खाली पडलं. नाना दारात आले.

"दिगू," अण्णा म्हणाले, "मला ते कळलंच नव्हतं रे."

नानांनी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. काय झालं ते त्यांना कळलं असावं, ते कधीच मंद नव्हते. त्यांनी हात पुढं करून अण्णांच्या गालावरचा साबण स्वतःच्या टॉवेलानं पुसला. "आत ये दादा," ते म्हणाले.

मी आमच्या खोलीत भिंतीशी बसून ऐकत होते. मला वाटलं माझ्याबद्दल बोलतील. ते आजोबांबद्दल बोलत होते. नाना विचारत होते, शेवटी त्यांनी पाणी मागितलं का, कुणाचं नाव घेतलं का. अण्णा सांगत होते, हळूहळू, मधे थांबून, की त्यांनी दिगू आला का विचारलं, दोनदा विचारलं. हे सांगायला अण्णांना सहा वर्षं लागली होती. ते मी ऐकलं आणि मला कळलं की त्या जूनमधल्या संध्याकाळी माझ्या कागदाचा विषय कदाचित निघालाच नसता.

बदलीचा हुकूम निघून गेला होता, तो फिरणार नव्हता. नाना-काकूंना जायचंच होतं. दोघा भावांना आठच दिवस मिळाले. ते आठ दिवस नाना तिन्ही त्रिकाळ आमच्याकडं जेवले. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. एका घरात, एका पंगतीत बसून त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला काही हवं का हे ते आईला विचारत. नाना बोलायचे, पण पूर्वीसारखे नाही. मी एकदा त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर मी बी खोटं बोललो असतो, सहीसाठी. पण चहाचं लपवलं नसतं, शकू." आज इतक्या वर्षांनी मी प्रामाणिकपणानं लिहिते, मला पस्तावा आहे, पण त्या दिवशी मला परत त्या अंगणात उभं केलं तर मी काय करीन याची मला खात्री नाही. अण्णा पुढं माझ्याशी बोलायला लागले, माझ्या लग्नात आणि नंतर माझ्या मुलीला मांडीवर घेऊन भरपूर बोलले. पण ते बोलणं सुरू झालं ते अडीच वर्षांनंतर.

सुटी संपली. मला सोडायला एसटी स्टँडवर अण्णा आणि नाना दोघं आले. ट्रंक नानांनी टपावर चढवून दिली, कंडक्टरला सांगून खिडकीची जागा मिळवली, लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. मग ते खाली उतरून उसाच्या रसाच्या गाड्यापाशी अण्णांजवळ जाऊन उभे राहिले. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून हात बाहेर काढला. अण्णा काहीतरी सांगत होते, हातवारे करून, आणि नाना मान मागं टाकून हसत होते. मला नानांना असं हसताना पाहून किती वर्षं झाली होती ते आठवेना. गाडी वळेपर्यंत मी बघत होते. दोघांपैकी एकाचंही गाडीकडं लक्ष नव्हतं.